खेळाडूचा भाव कोण फोडतं?

प्रश्न : आमच्याकडे कांद्याचा भाव बाजार समितीच्या लिलावात सगळ्यांदेखत फुटतो. फुटबॉलमध्ये एकेका खेळाडूसाठी शेकडो कोटी मोजल्याच्या बातम्या येतात. हा भाव ठरवतं कोण? आणि खेळाडू खरंच तेवढ्या मोलाचा असतो का?
– एक वाचक, नांदगाव (जि. नाशिक)

उत्तर : ही रक्कम मोजली जाते ती खेळाडूचा चालू करार मुदतीआधी सोडवून घेण्यासाठी. करार संपला की ती द्यावी लागत नाही. युरोपात बॉसमन या खेळाडूच्या खटल्यातल्या 1995च्या निकालाने हे पक्कं केलं. किलियन एम्बापेला मोनॅकोकडून घेताना पॅरिस सेंट जर्मेनने 18 कोटी युरोंचा सौदा केला. पुढे त्याने फ्रान्सबरोबर विश्वचषक जिंकला, नंतर 2022च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात तीन गोल केले. पण 2024मध्ये करार संपवून तो रेआल माद्रिदला गेला, तेव्हा पॅरिसला सौद्याचा एक युरोही मिळाला नाही. खेळ वाढला होता, कराराचे दिवस सरले होते.

भाव ठरण्यात दुसरा हात घेणाऱ्याच्या खिशाचा. तुमच्या लिलावात व्यापाऱ्याची निकड ओळखली जाते, तशी इथेही. 2017मध्ये पॅरिसने नेमारसाठी बार्सिलोनाला 22 कोटी 20 लाख युरो दिले, म्हणजे तेव्हाचे साडेसोळाशे कोटी रुपये. बार्सिलोनाकडे रोकड आहे आणि नेमारची जागा रिकामी आहे, हे सगळ्या युरोपला ठाऊक झालं. मग डेम्बेले आणि कुटिन्यो या खेळाडूंसाठी बार्सिलोनाला प्रत्येकी दहा कोटी युरोंहून अधिक मोजावे लागले. कुटिन्यो विकणाऱ्या लिव्हरपूलने त्याच सुमारास साडेसात कोटी पौंडांना बचावपटू व्हॅन डाइक आणला. 2019च्या चॅम्पियन्स लीग उपांत्य फेरीत लिव्हरपूलने बार्सिलोनाला 4-0 हरवलं, तेव्हा कुटिन्यो बार्सिलोनाकडून मैदानात होता! माझ्या मते हा आधुनिक फुटबॉलमधला सर्वांत बोलका हिशेब आहे.

भारतात आकडे फार लहान आहेत. गोव्याचा लिस्टन कोलासो 2021मध्ये हैदराबादहून कोलकात्याच्या मोहन बागानकडे गेला, तेव्हा सुमारे एक कोटी रुपयांची बातमी झाली आणि तोही विक्रम मानला गेला. आपल्या पोरांचे पाय कमी कसाचे आहेत असं यातून मुळीच ठरत नाही. इंग्लंडच्या क्लबांकडे टीव्ही हक्कांचे अब्जावधी पौंड येतात, आपल्या क्लबांकडे तसा पैसा नाही. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर तालमींच्या संघांचे सामने पाहायला हजारो लोक लोटतात, त्याच मातीतला अनिकेत जाधव 2017च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला.

एक नियम मात्र लहान गावांनी जरूर लक्षात ठेवावा. करार चालू असताना दुसऱ्या देशातल्या क्लबने रक्कम मोजून खेळाडूला घेतलं, तर त्या रकमेतले 5 टक्के त्याला बाराव्या ते तेविसाव्या वर्षापर्यंत घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटले जातात, असं फिफाचा नियम सांगतो. त्यासाठी खेळाडूची त्या वयातली नोंदणी कागदोपत्री असावी लागते. तुमच्या तालुक्यात कुणी मुलांना फुटबॉल शिकवत असेल, तर त्यांना ही नोंदणी आजच करायला सांगा.