घरच्या घरी मोटारसायकलची चेन जोडताना



दोन पावसाळ्यांपूर्वी मोलगी-धडगाव रस्त्यावर माझ्या मोटारसायकलची चेन सुटून खाली पडली. मागे तापाने फणफणलेले एक म्हातारबाबा बसले होते. त्यांना धडगावच्या ग्रामीण रुग्णालयात न्यायचे होते. पाऊण तासाने जीप मिळाली म्हणून निभावले. चेन जुनी नव्हती. आठच दिवसांपूर्वी मी स्वतः ती अंगणात बसवली होती. आपल्यापैकी पुष्कळ जण गाडीवरूनच पाड्यांवर जातात, म्हणून माझी चूक कोठे झाली ते सांगतो.

१०० ते १२५ सीसीच्या बऱ्याच गाड्यांना ४२८ नंबरची चेन असते आणि ती क्लिपच्या लॉकने जोडतात. हे काम पाना, पक्कड आणि स्क्रू ड्रायव्हर एवढ्यावर होते. मोठ्या गाड्यांच्या चेनला पिना ठोकून बसवायचे लॉक असते. तेथे हातोडीने प्रयोग करू नका, गॅरेजमध्येच जा.

आधी माप घ्या. नव्या ४२८ चेनच्या २० कड्या २५४ मिलिमीटर भरतात. तीन मिलिमीटर वाढ दिसली की चेन बदलायला आली असे मी समजतो. स्प्रॉकेटचे दाते टोकदार किंवा एका बाजूला झुकलेले असतील तर पुढचे, मागचे आणि चेन असा पूर्ण सेटच घ्यावा, नाहीतर नवी चेन लवकर खराब होते.

गाडी डबल स्टँडवर, न्यूट्रलमध्ये आणि इंजिन बंद. चालू इंजिनवर चेन फिरवताना बोटे जातात, हे विसरू नका. चेन कव्हर काढा, मागच्या चाकाचा नट सैल करून चाक पुढे ढकला. चाक हाताने फिरवून जुने लॉक मागच्या स्प्रॉकेटवर आणा. पक्कडीचे एक टोक क्लिपच्या फाटलेल्या बाजूला आणि दुसरे पलीकडच्या पिनेला टेकवून दाबले की क्लिप सरकते. पुढचे स्प्रॉकेट बदलायचे नसेल तर त्याचे झाकण खोलण्याचीही गरज नाही. जुन्या चेनच्या टोकाला नवी चेन अडकवा आणि जुनी ओढा. नवी आपोआप पुढून फिरून येते.

आता जोडणी. दोन्ही टोके हवेत धरून लॉक घालू पाहाल तर तिसरा हात लागेल. त्याऐवजी ती मागच्या स्प्रॉकेटच्या शेजारशेजारच्या दात्यांवर ठेवा. दातेच त्यांना धरून ठेवतात. लॉक चाकाच्या बाजूने आत घाला, बाहेरून पट्टी बसवा आणि पिनांच्या खाचा पूर्ण दिसेपर्यंत ती पक्कडीने दाबा. मग नवी क्लिप. जुनी पुन्हा वापरू नये, नवी काही रुपयांतच मिळते.

माझी चूक येथे झाली. क्लिपची एक बाजू बंद आणि एक फाटलेली असते. बंद बाजू चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला हवी, म्हणजे वाटेत काटकी वा खडा लागला तरी क्लिप मागे ढकलली जात नाही. मी लॉक खालच्या बाजूला बसवले आणि बंद बाजू हेडलाइटकडे केली. गाडी पुढे जाते खरी, पण खालची चेन मागे धावते! वरची तेवढी पुढे. मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या कडेला जोडत असाल तर तेथे चेन वर चढते, म्हणून बंद बाजू वर. मी आता नेहमी तेथेच जोडतो, गोंधळ होत नाही.

क्लिप ‘टक्’ करून बसली की स्क्रू ड्रायव्हरने हलवून पाहा. चेनला खालच्या मध्यावर साधारण २० ते ३० मिलिमीटर ढील ठेवा. गाडीच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तो पाळा. चाक फिरवत तीन-चार ठिकाणी तपासा, कारण ढील सगळीकडे सारखी नसते. दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवून नट घट्ट करा. चाक सरकल्याने मागचा ड्रम ब्रेकही बदलतो, तो पुन्हा लावून घ्या. चेनला ९० नंबरचे गिअर ऑइल द्या आणि जास्तीचे फडक्याने पुसा.

पहिल्या आठवड्यात नवी चेन थोडी सैल पडते, तेव्हा ढील आणि क्लिप दोन्ही पुन्हा पाहा. माझ्या गाडीच्या टूलकिटमध्ये आता काडेपेटीत एक जादा लॉक आणि सोबत छोटी पक्कड असते.