हॅम रेडिओ : ऐकण्याचा खर्च किती?



विद्युतधारेचा धडा आपण वर्गात शिकतो. ॲम्पिअर म्हणजे काय, एकसर जोडणी कोणती आणि समांतर कोणती, हे परीक्षेपुरते आपल्याला पाठही असते. आज तोच धडा आपण एका उपयोगाच्या वस्तूला लावून पाहू. ती वस्तू म्हणजे बॅटरीवर चालणारा हॅम रेडिओचा संच.

हा विषय कशासाठी?

सुरतेत ऑगस्ट २००६ मध्ये आलेल्या पुराची गोष्ट तुम्ही घरी ऐकली असेल. उकाई धरणातून सोडलेले पाणी नऊ लाख क्युसेकच्या आसपास पोचले आणि तापीने अडाजण, रांदेरसह शहराचा बहुतेक भाग व्यापला. वीज गेली, टेलिफोन मुके झाले. हातात मोबाईल होता, पण तो चार्ज करायला वीज नव्हती. माणसे गच्चीवर, पाणी खाली, आणि पलीकडच्या गल्लीतल्या आत्याची खुशाली कळायला मार्ग नाही, अशी अनेक घरांची स्थिती होती.

अशा वेळी हॅम रेडिओ, म्हणजे हौशी रेडिओ, कामाला येतो. २६ जानेवारी २००१ च्या कच्छच्या भूकंपानंतर हॅम मंडळींनी भूजला जाऊन संदेशवहन सुरू केले. डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामी आली, तेव्हा हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ ॲमॅच्युअर रेडिओच्या भारती प्रसाद यांचे पथक योगायोगाने पोर्ट ब्लेअरलाच होते. छंदासाठी नेलेल्या त्याच संचांवरून अंदमानातील लोकांचे निरोप मुख्य भूमीवर पोचले. या संचांना मोबाईलसारखा मनोरा लागत नाही. संच, तार (म्हणजे अँटेना) आणि वीज एवढे पुरते. यातली वीज बॅटरीतून घ्यायची असेल, तर ती किती वेळ पुरेल हा प्रश्न पहिला.

चूक कुठे होते?

या संचाला ट्रान्सीव्हर म्हणतात, कारण तो बोलतोही आणि ऐकतोही. बोलताना तो जास्त विद्युतधारा घेतो हे खरे. १०० वॅटचा संच बोलताना २० ॲम्पिअरपर्यंत ओढतो. त्यामुळे बॅटरी निवडताना बहुतेकांचे लक्ष या मोठ्या आकड्यावरच जाते. पण आपत्तीच्या वेळी माणूस बोलतो किती? तासातली पाच-सहा मिनिटे. बाकीचा वेळ तो कान देऊन बसलेला असतो. ऐकण्याची धारा लहान असली तरी ती सतत वाहते. थेंब थेंब गळणारा नळ रात्रभरात बादली भरतो, तसेच हे आहे.

तीन संच, तीन हिशेब

उत्पादकांनी दिलेले ऐकण्याच्या धारेचे आकडे पाहू.

१. यायेसू एफटी-८१७ : २००० च्या दशकाच्या आरंभी आलेला ५ वॅटचा छोटा संच. ऐकताना सुमारे ४५० मिलिॲम्पिअर, बोलताना २ ॲम्पिअर.
२. एलेक्राफ्ट केएक्स२ : २०१६ चा, हातात मावणारा संच. ऐकताना सुमारे १३५ मिलिॲम्पिअर.
३. आयकॉम आयसी-७३०० : २०१६ चा, टेबलावर ठेवायचा १०० वॅटचा संच. ऐकताना ०.९ ते १.२५ ॲम्पिअर. आपण १ ॲम्पिअर धरू.

आता बॅटरी घेऊ. संगणकाच्या यूपीएसमध्ये असते ती १२ व्होल्ट, ७ ॲम्पिअर-तासांची शिसे-आम्ल बॅटरी सगळ्यांच्या ओळखीची आहे. ती पूर्ण रिकामी केली तर लवकर खराब होते, म्हणून निम्मी, म्हणजे ३.५ ॲम्पिअर-तास वापरू.

सूत्र सोपे आहे : वेळ = ॲम्पिअर-तास ÷ ॲम्पिअर.

फक्त ऐकत राहिलो तर आयसी-७३०० साडेतीन तास चालेल. एफटी-८१७ पावणेआठ तासांच्या आसपास. आणि केएक्स२? ३.५ ÷ ०.१३५ = सुमारे २६ तास. बॅटरी तीच, पण एक संच दुपारपर्यंत, तर दुसरा उद्या सकाळपर्यंत.

आता तासाला ६ मिनिटे बोलणे धरून एफटी-८१७ चा हिशेब करू.

ऐकणे : ०.४५ × ५४ ÷ ६० = ०.४०५ ॲम्पिअर-तास.
बोलणे : २ × ६ ÷ ६० = ०.२ ॲम्पिअर-तास.

पाहा, ऐकण्याचा खर्च बोलण्याच्या दुप्पट! आयसी-७३०० वर बोलताना सरासरी १० ॲम्पिअर धरले तर बोलण्याचा खर्च १ आणि ऐकण्याचा ०.९ येतो, म्हणजे जवळजवळ सारखाच. प्रवासी संच घेताना "किती वॅट?" इतकेच महत्त्वाचे आहे "ऐकताना किती मिलिॲम्पिअर?" हे विचारणे.

ही धारा जाते कुठे?

ऐकतानाही संचाच्या पोटात बरेच काम चालू असते. हवेतील क्षीण लहरी मोठ्या करणारे वर्धक, लहरी निर्माण करणारा दोलक, आकडेमोड करणारी चिप, स्पीकरचा वर्धक आणि पडद्यामागचा दिवा, या सर्वांना वीज लागते. टेबलावरचा संच बनवणारा गृहीत धरतो की वीज भिंतीतून येणार. मग तो मोठा पडदा देतो, जोरदार लहरींनी गोंधळू नयेत म्हणून वर्धकांना भरपूर धारा देतो. प्रवासी संच बनवणारा मिलिॲम्पिअर मोजून खर्च करतो.

आपल्या हातात काय?

पडद्याचा दिवा बंद ठेवावा. आवाज कमी करावा, शक्यतो हेडफोन लावावा. त्याने बॅटरी वाचते आणि आजूबाजूच्या गोंगाटात ऐकूही नीट येते. हातात धरायच्या एफएम संचांत बॅटरी बचतीची सोय असते. तीत ग्राहक क्षणभर जागा होऊन कानोसा घेतो व पुन्हा झोपतो.

पण सर्वांत मोठी बचत शिस्तीत आहे. सर्वांनी आधीच ठरवून दर तासाच्या ठोक्याला फक्त १० मिनिटे संच चालू केला, तर ऐकण्याचा खर्च एक षष्ठांश होतो. मग तोच एफटी-८१७ त्याच निम्म्या बॅटरीवर सुमारे ४६ तास कान देतो. मात्र ही वेळ पूर येण्यापूर्वी ठरवायला हवी आणि सर्वांची घड्याळे जुळलेली हवीत.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, बॅटरीवर लिहिलेले ७ ॲम्पिअर-तास हे २० तासांत सावकाश वापरले तर मिळतात. एकदम १० ॲम्पिअर ओढले तर त्याहून बरेच कमी मिळतात. दुसरी, अनेक मोठ्या संचांना किमान ११.७ व्होल्ट लागतात. बोलताना बॅटरीचे विभवांतर खाली घसरले की संच मध्येच बंद पडतो. एफटी-८१७ मात्र ८ व्होल्टपर्यंत तग धरतो.

करून पाहा

हॅम संचावरून बोलायला केंद्र सरकारची परीक्षा व परवाना लागतो. प्रयोगासाठी त्याची गरज नाही. घरचा सेलवर चालणारा साधा ट्रान्झिस्टर घ्या. शिक्षकांच्या देखरेखीखाली सेल आणि ट्रान्झिस्टर यांच्यामध्ये मल्टिमीटर एकसर जोडा. सुरुवात १० ॲम्पिअरच्या खाचेपासून करा. मल्टिमीटर सेलच्या दोन टोकांना समांतर जोडू नका, त्याचा फ्यूज उडेल. आवाज अगदी कमी, मध्यम आणि पूर्ण ठेवून तीन नोंदी करा.

स्वाध्याय

१. तुमच्या तीन नोंदींत किती फरक पडला? तो कशामुळे, ते दोन वाक्यांत लिहा.
२. एक संच ऐकताना ३०० मिलिॲम्पिअर घेतो. ३.५ ॲम्पिअर-तासांत तो सतत किती वेळ चालेल? तासाला १० मिनिटेच लावला तर किती वेळ?
३. २००६ च्या पुरात तुमच्या घरी किंवा शेजारी वीज किती दिवस नव्हती, हे मोठ्यांना विचारा. तेवढे दिवस संच चालवायला किती ॲम्पिअर-तासांची बॅटरी लागली असती, ते काढा.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात सापडणार नाही. ते आजी-आजोबांकडेच मिळेल, आणि प्रत्येकाचे वेगळे असेल. सर्वांची उत्तरे आपण वर्गात फळ्यावर मांडू.