परक्या जिन्यात उमगलेलं

पुण्याहून कुणाचं नोकरीसाठी जर्मनीत श्टुटगार्टला यायचं ठरलं की त्यांचे प्रश्न ठरलेले असतात. थंडी सोसते का, ज्वारीचं पीठ मिळतं का, भाषेवाचून अडतं का. तिन्हींवर उपाय निघतो आणि पुढे त्यांचं काही वाटेनासं होतं. मला आतून हलवलं ते वेगळ्याच गोष्टींनी. ज्याला मी ‘माझा स्वभाव’ म्हणत होते, त्यातलं कितीतरी सांगलीच्या घराने आणि गल्लीने घडवलेलं होतं, आणि सांगलीत राहून ते मला दिसलं नसतं. इकडे येणाऱ्यांसाठी, आणि त्यांना निरोप देणाऱ्यांसाठीही, त्यातलं थोडं लिहून ठेवते.

१. भाषा येऊ लागली की खरा धक्का बसतो.

‘कल्चर शॉक’ ही कल्पना लोकांपर्यंत पोचवली कालेर्वो ओबर्ग या मानववंशशास्त्रज्ञाने. १९५४ साली रिओ दि जानेरोमध्ये त्याने यावर भाषण दिलं आणि १९६० साली लेख लिहिला. माणसा-माणसांतल्या रोजच्या ओळखीच्या खुणा हरवतात, म्हणून जीव घाबरा होतो, हे त्याचं निदान मला आजही पटतं. आधी भुरळ, मग चीड, मग सावरणं, मग रुळणं असे टप्पेही त्याने सांगितले. ते ओळीने येतील असं मात्र धरून चालू नका. सुरुवातीला काही खटकलं की मी ते भाषेच्या खाती टाकायचे. जर्मन नीट कळायला लागली, समोरच्याचा शब्द न् शब्द समजू लागला, आणि तरीही तो माणूस माझ्यावर नाराज आहे की खूश हे कळेना. तेव्हा मला पहिल्यांदा खरंखुरं एकटं वाटलं.

२. केर कोण काढतं, यावर ‘आपण कोण’ हे ठरलेलं असतं.

श्टुटगार्ट हे श्वाबेन प्रांतातलं शहर. इथे इमारतीचा जिना राहणाऱ्यांनीच आळीपाळीने झाडायचा-पुसायचा असतो. ज्याचा आठवडा, त्याच्या दाराला एक छोटी पाटी लटकते. आठवडा संपला की त्याने ती शेजारच्या दाराला अडकवायची. आपल्या मजल्याचा जिना हे लहान काम. तळघर, अंगण, दारासमोरचा फुटपाथ हे मोठं. शहर स्वच्छ राहावं म्हणून ज्याची घाण त्याने दर आठवड्याला बाहेर नेऊन टाकावी, असा नियम इथे १४९२ साली झाला होता. आज ही रीत बहुतेक घराच्या भाडेकरारातून चालते.

आमच्या वरच्या मजल्यावर निवृत्त न्यायाधीश राहत. एकदा मी भाजीच्या पिशव्या घेऊन जिना चढत होते, तर ते बाह्या सरसावून गुडघ्यांवर बसलेले, पायरीच्या कोपऱ्यातली माती फडक्याने टोकरून काढत होते. मला वाट देण्यासाठी त्यांनी बादली बाजूला सरकवली, नमस्कार केला आणि पुन्हा कोपऱ्याकडे वळले. मी कितीतरी वेळ अस्वस्थ होते. सांगलीत घरातला केर घरच्या बायका काढत, पण मोरीच्या बाहेरचं, गटाराचं, संडासाचं काम करणारी माणसं ठरलेली होती. ती मागच्या दाराने यायची. त्यांच्या पाण्याचा तांब्या वेगळा होता. लहानपणी मी तो तांब्या रोज पाहिला आणि त्यात विचारण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलं नाही. आमच्या घराची प्रतिष्ठा त्या तांब्यावर उभी होती, हे मला न्यायाधीशांच्या बादलीने दाखवलं.

आई पहिल्यांदा इकडे आली तेव्हा पाटी नेमकी आमच्या दाराला होती. माझा नवरा पोछा घेऊन जिन्यात उतरला, तशी ती धावत मागे गेली. “जावईबापू, तुम्ही कशाला? आणा इकडे.” तो म्हणाला, “आई, हा आठवडा आपला आहे.” तिला काम जड वाटत नव्हतं. जावयाला चार लोक पाहतील, हे तिला सोसवत नव्हतं. तिची ती तगमग मला पुरती कळत होती, कारण तीच माझ्यातही होती.

सुट्टीवर गेलं की इथल्या स्वच्छतेचं कौतुक सगळे ऐकून घेतात. मी आता या जिन्याचंही सांगते. इथलीही ऑफिसं आणि इस्पितळं झाडायला बाहेरच्या देशांतून आलेल्या बायका खूप आहेत, हेही सांगते, कारण ते खरं आहे.

३. आग्रह न करणारा माणूस कोरडा नसतो.

इथे कॉफी एकदाच विचारतात. पहिल्या खेपेला ‘नको’ म्हणायचं हे आपल्या हाडीमाशी खिळलेलं, त्यामुळे न पिता बसावं लागतं. तुमच्या ‘नको’वर त्यांनी विश्वास ठेवलेला असतो, एवढंच.

४. दुःखालाही वेळ ठरवून भेटता येतं.

बाबा गेले तेव्हा फ्रँकफर्टहून मुंबई आणि तिथून रात्रभर गाडीने मी सांगलीला पोचले, तोवर सगळं उरकलं होतं. घर माणसांनी भरलेलं. आमची चूल पेटली नाही. शेजारून पिठलं-भात यायचा, कोण आणतंय हेही कळायचं नाही. तेराव्यानंतर परत आले, तर इथे दारावर कुणी नाही. पत्रपेटीत काळ्या किनारीचं एक कार्ड होतं. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी हाताने लिहिलं होतं: चालणार असेल तर गुरुवारी चार वाजता येते. वेळ घेऊन सांत्वन! माझ्या पोटात कालवलं.

त्या बरोबर चारला आल्या. फोन बंद करून पर्समध्ये ठेवला आणि म्हणाल्या, “तुमच्या वडिलांबद्दल सांगा.” बाबांचं अक्षर, त्यांचं कृष्णेत पोहणं, रेडिओवर बातम्या लागल्या की सगळ्यांना गप्प बसवणं, मी अंधार पडेपर्यंत बोलत राहिले. सांगलीत मला सगळ्यांनी विचारलं होतं: कसं झालं, कधी झालं, तू कधी निघालीस. बाबा कसे होते, हे कुणी विचारलं नव्हतं. त्यांना ते ठाऊकच होतं. गर्दीने मला कोसळू दिलं नाही आणि या बाईंनी मला बोलू दिलं. यातलं कमी-जास्त मी ठरवणार नाही.

५. आपलं नाव परक्याला समजावून सांगताना आपल्यालाही कळतं.

माझ्या पासपोर्टात माझ्या नावाला जोडून नवऱ्याचं नाव आहे. इथल्या कचेऱ्यांना ती दोन्ही नावं माझीच वाटतात आणि पत्रंही तशीच येतात. “हे पुरुषाचं नाव तुमचं कसं?” असं दवाखान्यातल्या मुलीने सरळ विचारलं. लग्नाआधी तिथे वडिलांचं होतं, हे सांगताना माझाच आवाज अडखळला. १ मे २०२४पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आईचं नाव लावणं महाराष्ट्र सरकारने सक्तीचं केलं, ती बातमी वाचून मला मनापासून आनंद झाला.

६. जात विमानात बसून येते.

इथल्या गणपतीला नागपूरपासून सावंतवाडीपर्यंतचे लोक जमतात. ओळख होताच दुसरा प्रश्न आडनावाचा असतो आणि तो कशासाठी आहे हे विचारणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांनाही ठाऊक असतं. हे थांबायला हवं.

७. मुलांच्या प्रश्नांना उद्धटपणा म्हणू नये.

माझी मुलगी इथल्या शाळेत वाढते. कुणाला मिठी मारायची, कुणाला नाही, हे तिचं तिने ठरवायचं, असं तिला शिकवलेलं आहे. गेल्या सुट्टीत सांगलीला कुणी आलं की “वाक, पाया पड” सुरू झालं. तिने विचारलं, “आजी, मी यांना ओळखत नाही. मग का?” खोलीत सगळे गप्प झाले. मी मध्ये पडणार, तेवढ्यात आई म्हणाली, “बस इथे. तुझे आजोबा आजारी होते ना, तेव्हा रात्री दोन वाजता सायकल मारत औषध आणलं ते या काकांनी.” मग ते औषध कुठलं, पाऊस किती होता, दुकान कसं उघडायला लावलं, हे काकांनीच सांगितलं. मुलगी उठली आणि वाकली.

त्यानंतर दोघींचं ठरलंय. आधी आजीने त्या माणसाची गोष्ट सांगायची, मग नमस्कार. एका मावशींच्या बाबतीत आजीला सांगण्यासारखं काही आठवेना, तेव्हा मुलीने नुसते हात जोडले, आणि आईने ते चालवून घेतलं.