पाठचिकित्सा आणि संवादी यंत्र

मराठी विभागांतील संशोधक विद्यार्थी कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी संवादी साधने आता सर्रास वापरतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले, आणि तेव्हापासून ती वापरू द्यावीत की नाही याची चर्चा पुष्कळ झाली आहे. प्रस्तुत लेखात त्या वादात शिरण्याचे प्रयोजन नाही. संशोधनाच्या कोणत्या कामात या साधनांवर विसंबता येते, कोणत्या कामात येत नाही आणि तसे का, एवढाच प्रश्न येथे विचारात घेतला आहे. त्याच्या उत्तरासाठी आपल्याच अभ्यासक्षेत्रातील पाठचिकित्सेचा आधार घेता येईल, असे वाटते.

हस्तलिखितांच्या अभ्यासकाला दोन प्रकारचे लेखनिक परिचित असतात. एक, अर्थ न कळता समोरची अक्षरे उतरवून काढणारा. त्याच्या चुका ढोबळ असतात आणि म्हणून सहज सापडतात. दुसरा जाणता लेखनिक. अपरिचित शब्द आला की तो नकळत त्या जागी परिचित शब्द लिहितो. वाक्य सुबोध होते, आणि चूक झाकली जाते. दोन पाठांपैकी कठीण पाठ सामान्यतः अधिक ग्राह्य मानावा, हा संपादनातील दंडक या दुसऱ्या लेखनिकाच्या अनुभवातूनच आला आहे.

संवादी साधन हे या दुसऱ्या प्रकारचे लेखनिक होय. अफाट मजकुरावरून कोणत्या शब्दानंतर कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, हे ते शिकलेले असते आणि त्या संभाव्यतेच्या आधारे ते वाक्य रचते. म्हणजे सोपा पाठ निवडण्याकडे त्याचा मूळचाच कल असतो. त्यातही त्याने वाचलेल्या मजकुरात मराठीचा वाटा इंग्रजीच्या मानाने फारच अल्प, आणि त्या अल्प वाट्यात प्राचीन मराठी आणखी अल्प.

महानुभाव गद्याचे उदाहरण घेऊ. लीळाचरित्रात 'बीजें करणे' म्हणजे आदरणीय व्यक्तीने जाणे किंवा येणे. त्याचा बियाण्याशी संबंध नाही. 'आरोगणा' म्हणजे भोजन आणि 'बिढार' म्हणजे मुक्कामाची जागा. असे शब्द निदान डोळ्यांत भरतात, कोश काढून पाहता येतात. खरा धोका अनुस्वाराचा आहे. साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार लेखनातून गेले आणि आज उपलब्ध असलेला बहुतांश मराठी मजकूर त्या वळणाचा आहे. जुन्या गद्यातील 'गोसावीं' हे तृतीयेचे रूप आहे. पानाचे छायाचित्र देऊन मजकूर उतरवून घेतला आणि त्यात 'गोसावी' असे आले, तर कर्त्याची विभक्तीच गेली. 'देवें'चे 'देवे' झाले तरी तेच. कारकव्यवस्थेवर प्रबंध लिहिणाऱ्याच्या हाती मग जी संहिता उरते, तिच्यात त्याचा अभ्यासविषयच नाहीसा झालेला असतो. उतारा दिसतो मात्र अगदी स्वच्छ! (शुद्धलेखनाविषयी इतके दक्ष लेखनिक पूर्वी मिळते, तर कित्येक पोथ्या वाचेनाशा झाल्या असत्या.)

संदर्भांच्या बाबतीत हाच कल अधिक घातक ठरतो. एका विद्यार्थिनीने आणलेल्या प्रकरणात एका जुन्या नियतकालिकातील लेखाचा हवाला होता. लेखकाचे नाव खरे, नियतकालिक खरे, वर्षही पटण्यासारखे. ग्रंथालयात तो अंक काढून पाहिला, तर असा लेख त्यात नव्हता. तिने फसवणूक केली नव्हती. यंत्राने सुचवले ते तिने उतरवले होते. त्या लेखकाने त्या काळी असा लेख लिहिणे संभाव्य होते, इतकेच. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार प्रबंधांची साम्यतपासणी होते. पण ती दुसरीकडच्या मजकुराशी जुळणारा मजकूर शोधते. मुळात नसलेला लेख कशाशीच जुळत नाही. असा हवाला त्या चाळणीतून सहज निसटतो आणि पुढे दुसऱ्या प्रबंधात आधार म्हणून येतो.

मग उपयोग कोठे? संहिता आपण पुरवली असेल तेथे. 'लीळाचरित्रातील भोजनविषयक शब्दांवर लिहा' असे सांगितल्यास सर्वसामान्य निबंध हाती येईल. त्याऐवजी वि. भि. कोलते यांच्या १९७८ च्या संपादनातील दहा लीळा स्वतः टंकित करून द्याव्यात आणि म्हणावे : 'या मजकुरातील भोजनवाचक शब्द मूळ वाक्यासह, लेखन न बदलता काढून द्या; शंका वाटेल तेथे तसे नमूद करा.' आलेली यादी छापील पानाशी ताडून पाहता येते. काही शब्द सुटलेले आढळतील, पण एक आठवड्याचे काम एका दुपारवर येते. आपल्या प्रकरणावर आक्षेप मागणे, हा दुसरा चांगला उपयोग. 'माझ्या विधानाविरुद्ध या उताऱ्यांतून काय निघते?' असे विचारावे. स्तुती मागू नये. ती मागावी लागतच नाही. इंग्रजी लेखाचा सारांश घेण्यास हरकत नाही, मात्र अवतरण मूळ लेखातूनच घ्यावे.

लेखन त्याच्याकडून करवून घेण्याविषयी फार लिहिण्याची गरज नाही. असे प्रकरण तिसऱ्या पानावर ओळखू येते आणि मौखिक परीक्षेत त्याचा बचाव करता येत नाही.

राहता राहिली नोंद. लीळाचरित्राच्या पोथ्यांत एखाद्या लीळेविषयी भिन्न आठवण असेल, तर ती कोणाची हे नावानिशी सांगितलेले आढळते. प्रबंधाच्या पद्धतिविषयक प्रकरणातही साधनाचे नाव, दिनांक, विचारलेला प्रश्न आणि त्याच्या उत्तरातून घेतलेला भाग नोंदवावा. त्या विद्यार्थिनीने आता तशी वही ठेवली आहे. तिच्या शेवटच्या रकान्यात मूळ ग्रंथ कोणत्या ग्रंथालयात पाहिला हे ती लिहिते, आणि काही ओळींपुढे तो रकाना अजून मोकळा आहे.