ब्राउनीवरचा चॉकलेटचा लेप

ब्राउनी हा शब्द आता तालुक्याच्या बेकरीच्या पाटीवर दिसतो. तुमच्यापैकी काहींनी तो वाचलाही असेल. ब्राउनी म्हणजे एक तऱ्हेचा केकच. पण हा केक फुगीर नसतो. तो बसका, दाट आणि जरा चिकट असतो. त्याच्या चौकोनी वड्या पाडून खातात. इंग्रजीत तपकिरी रंगाला ब्राउन म्हणतात, त्यावरून हे नाव पडले.

पदार्थ मूळचा अमेरिकेचा. तिथल्या शिकागो शहरात १८९३ साली मोठे जागतिक प्रदर्शन भरले होते. त्याच निमित्ताने सर्वधर्मपरिषद भरली आणि तिथे स्वामी विवेकानंद बोलले, हे तुम्ही ऐकले असेल. प्रदर्शनाला आलेल्या स्त्रियांच्या फराळाच्या डब्यासाठी ब्राउनी प्रथम आमच्याकडे केली, असे शिकागोतल्या पामर हाउस या हॉटेलचे लोक सांगतात. ते असो.

आज आपण ब्राउनी करायला शिकणार नाही. ती घरी भाजा, नाहीतर बेकरीतून साधी आणा. आज शिकायचा तो तिच्यावरचा चॉकलेटचा लेप. बेकरीवाले त्याला आयसिंग म्हणतात. कोणी फ्रॉस्टिंगही म्हणतात. पोरांना खरी गोडी या लेपाचीच. आणि बेकरीत पैसे वाढतात तेही या लेपाचेच. घरी तो अर्ध्या तासात होतो.

आधी कोको म्हणजे काय ते पाहू. कोकोचे झाड असते. त्याचे फळ फांदीच्या टोकाला नाही, थेट खोडाला लागते, आपल्या फणसासारखे. आपल्या देशात केरळ, कर्नाटक, आंध्र प्रदेश आणि तमिळनाडू इथे नारळी-पोफळीच्या सावलीत ही झाडे लावतात. फळातल्या बिया आंबवतात, वाळवतात, भाजतात आणि वाटतात. या बियांत निम्म्याच्या आसपास ओशट भाग असतो. हॉलंडमधल्या व्हॅन हाउटेन या घराण्याने १८२८ साली तो ओशट भाग दाबून काढण्याची युक्ती काढली. घाण्यातून तेल काढल्यावर पेंड राहते ना, तसेच हे. त्या पेंडीची पूड म्हणजे आपली कोको पावडर. ती कडू असते आणि कोरडी असते. म्हणून लेपात तिला लोणी लागते. यंत्राने जो ओशटपणा काढून घेतला, तो आपण लोण्याने परत देतो. एवढे ध्यानात धरले तर पुढची कृती पाठ करावी लागणार नाही.

आता दुकानात जाऊ. इथे डोळे उघडे हवेत. कोको पावडर मागितली तर काही दुकानदार ड्रिंकिंग चॉकलेटचा डबा पुढे करतात. दोन्हींचा रंग सारखाच. पण ड्रिंकिंग चॉकलेट दुधात घालून प्यायचे असते आणि त्यात बरीच साखर असते. ते घेऊन लेप केला तर तो नुसता गोडमिट्ट आणि फिका होतो. डब्याच्या पाठीमागे आत काय काय आहे ते छापलेले असते. जो जिन्नस वजनाने जास्त, त्याचे नाव आधी छापायचे, असा आपल्याकडे नियम आहे. पहिले नाव साखरेचे असेल तर डबा परत ठेवा. पुष्कळदा ही अक्षरे इंग्रजी असतात. त्यात लाजायचे काय? घरातल्या शाळकरी पोराकडून वाचून घ्या. पण तारखेचे आकडे मात्र स्वतःच वाचा. चौकोनातला हिरवा ठिपकाही स्वतःच पाहा. शाकाहारी मालाची ती खूण.

साहित्य असे घ्यावे. लोणी ५० ग्रॅम. कोको पावडर २५ ग्रॅम. साखर १८० ग्रॅम. दूध ४५ मिलिलिटर. मीठ एक चिमूट. इतका लेप ८ इंच लांब आणि ८ इंच रुंद ब्राउनीला पुरतो. दुधाचे माप कुठून आणायचे? औषधाच्या बाटलीबरोबर छोटे माप मिळते, त्यावर ५, १०, १५ अशा रेघा असतात. ते गरम पाण्याने स्वच्छ धुऊन घ्या आणि १५ च्या रेघेपर्यंत तीनदा भरा. डोळ्यांच्या अदमासावर भाजी होते, हे काम होत नाही. दूध थोडे जास्त पडले तरी लेप वाहून जातो.

लोणी विकतचे पिवळे असेल तर त्यात बहुधा मीठ असतेच. मग वरून मीठ घालू नये. घरचे पांढरे लोणी उत्तम, पण ते गार पाण्यात तीन-चार वेळा धुवावे, म्हणजे ताकाचा आंबटपणा जातो. तूप चालेल का, असे कोणी विचारील. चालते. पण तूप थिजले की कणी धरते आणि लेप रवाळ लागतो. आम्ही लोणीच वापरा असे म्हणू.

साखर मिक्सरवर अगदी बारीक करा आणि बारीक चाळणीने चाळा. दळली की ती वाढल्यासारखी दिसते, पण वजन तेवढेच असते. म्हणून वजन आधी करावे. कोकोही चाळून घ्यावा.

जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर लोणी पातळ करा. त्यात आधी कोको घाला आणि ढवळा. गार दुधात कोको टाकू नका. बेसन नीट न कालवता उकळत्या पाण्यात टाकले की पिठल्यात गुठळ्या होतात, तशाच इथेही होतात, आणि मग कितीही घोटा, मोडत नाहीत. लोण्यात कोको एकजीव झाला की दूध थोडे थोडे घाला. ढवळणे थांबवू नका. बाजूने बुडबुडे आले, एक उकळी फुटली, की पातेले खाली उतरवा.

आता साखर. ती पातेले उतरवल्यावरच घालायची. हीच या कामाची मेख आहे, बरं का. तुम्ही नारळाची वडी करता. साखर चुलीवर आटू लागली की पाक धरतो आणि थापलेली वडी घट्ट होते. वडीला तेच हवे. लेपाला ते नको. साखर घालून पुन्हा उकळले तर ब्राउनीवर लेप नाही, कडक पापुद्रा बसेल. म्हणून साखर मूठ मूठ घालत खालीच घोटा. चमचा उचलला की जाड, चकचकीत धार पडली पाहिजे. फार घट्ट वाटले तर चमचाभर कोमट दूध घाला. कडेला तेल सुटलेले दिसले तरी हाच उपाय, चमचाभर कोमट दूध आणि जोराने घोटणे.

ब्राउनी कोमट असतानाच लेप वर ओता आणि चमच्याच्या पाठीने पसरा. हात चालवा, कारण पाच-सात मिनिटांत वर साय धरते. मग पुन्हा पुन्हा पसरत बसलात तर लेप फाटतो. अर्धा तास तसेच ठेवा. उन्हाळ्यात लोणी लवकर विरघळते, तेव्हा ताट थंड जागी ठेवा. वड्या पाडताना सुरी गरम पाण्यात बुडवून पुसून घ्यावी. उभे चार आणि आडवे चार भाग केले की १६ वड्या होतात.

१८० ग्रॅम साखरेला १६ ने भागा. एका वडीवरच्या लेपात ११ ग्रॅमहून थोडी जास्त साखर आली. चहाचे सुमारे दोन चमचे झाले हे, आणि खालच्या ब्राउनीतली साखर निराळीच. मधुमेह असलेल्या वडीलधाऱ्यांना आग्रह करू नये. त्यांना राग आला तरी चालेल. दुसरे, खरवडलेले पातेले कुत्र्यापुढे ठेवू नका. कोको कुत्र्याला विषारी आहे. लेपात दूध आहे, म्हणून उन्हाळ्यात बाहेर ठेवलेल्या वड्या दुसऱ्या दिवशी संपवाव्यात. फ्रीजमध्ये तीन-चार दिवस राहतात.

कोणाला वाढदिवसासाठी करून विकायच्या असतील तर हिशेब लिहून ठेवावा. समजा साखर किलोला ५० रुपये आहे. १००० ग्रॅमला ५० रुपये, तर १८० ग्रॅमला ९ रुपये. लोणी, कोको आणि दूध यांचा तुमच्या गावचा भाव लिहा आणि याच रीतीने काढा. त्यात ब्राउनीचा खर्च, गॅसचा खर्च आणि तुमच्या अर्ध्या तासाची मजुरी मिळवा. मजुरी पुष्कळ बाया धरतच नाहीत, ती धरायची. बेरीज आली की तिला १६ ने भागा. तेवढ्याहून कमी किमतीला वडी विकू नका.