आकाशातून पाण्याची परीक्षा

किनाऱ्यावरची माणसे पाण्याच्या रंगावरून बरेच काही ओळखतात. पावसाळ्यात खाडी तांबूस झाली म्हणजे नदीने गाळ आणला आणि पाणी दाट हिरवे झाले म्हणजे शेवाळ माजले, हे त्यांना सांगावे लागत नाही. ही परीक्षा मोजमापाने करण्यासाठी इटलीतील धर्मगुरू व ज्योतिर्विद आंजेलो सेक्की यांनी १८६५ साली एक पांढरी तबकडी दोरीने समुद्रात सोडली आणि ती किती खोलीवर दिसेनाशी होते ते पाहिले. विमानातील वर्णपटमापक हे त्याच परीक्षेचे आजचे रूप होय.

यातील तत्त्व सोपे आहे. पाण्यात शिरलेल्या सूर्यप्रकाशापैकी थोडा भाग परत वर येतो. शुद्ध पाणी तांबडा प्रकाश शोषते, म्हणून खोल समुद्र निळा दिसतो. शेवाळातील हरितद्रव्य निळा व तांबडा प्रकाश शोषते. गाळाचे कण प्रकाश विखुरतात, त्यामुळे गढूळ पाणी अधिक उजळ दिसते. कुजलेल्या पाल्याचा अर्क निळा प्रकाश शोषून पाण्याला पिवळट छटा देतो. परत आलेल्या प्रकाशात कोणता रंग किती, हे मोजले की पाण्यात काय मिसळले आहे याचा अंदाज बांधता येतो.

डिसेंबर २०१५ मध्ये इस्रो व नासा यांच्या संयुक्त मोहिमेत ओडिशातील चिल्का सरोवराची अशी पाहणी झाली. विमानातील यंत्र ३८० ते २५१० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश सुमारे ५ नॅनोमीटरच्या टप्प्यांनी मोजत होते. चिल्क्यात नद्यांचे गोडे पाणी व समुद्राचे खारे पाणी एकत्र येते. एका भागाचे पाणी दुसऱ्या भागासारखे नसते. नावेतून घेतलेल्या मोजक्या नमुन्यांवरून एवढ्या विस्ताराचे चित्र उभे राहत नाही. विमानातून ते एकसंध दिसते.

तथापि या विद्येला मर्यादा आहेत. यंत्रात येणारा बराचसा प्रकाश पाण्यातून नव्हे, तर हवेतून विखुरलेला असतो. तो वजा करावा लागतो. लाटांवरची चकाकी व उथळ जागचा तळही फसवतात. म्हणून त्याच सुमारास नावेतून नमुने घेऊन ताळा पाहतात. शिवाय विरघळलेले नायट्रेट आणि रोगजंतू यांचा रंग असा वरून ओळखता येत नाही. पाणी नितळ दिसले म्हणजे ते निर्दोष असते असे नव्हे, ही गोष्ट त्यात पोहणाऱ्यांनी व त्यातील शिंपले खाणाऱ्यांनी विसरू नये. कोठे शोधावे ते विमान सांगते. तेथे काय आहे, हे शेवटी बाटलीतील नमुनाच सांगतो.