कॉन्सर्टिनाची बटणे बदलण्याआधी

आयरिश संगीतासाठी अँग्लो कॉन्सर्टिना वाजवणाऱ्याच्या मनात कधी ना कधी येतेच की, हे एक बटण वेगळा सूर देत असते तर ही धून किती सोपी झाली असती! या इच्छेत गैर काही नाही. तीस बटणांपैकी काहींचे सूर आपल्या गरजेनुसार बदलून घेता येतात आणि चांगल्या वादकांनी ते बदलून घेतलेलेही आहेत. पण कोणता सूर बदलला आणि तो कोणत्या पद्धतीने बदलला, यावर वाद्याचे पुढचे आयुष्य ठरते. दुसऱ्याने बदललेले वाद्य माझ्या वाट्याला आले, त्यामुळे या दोन्ही गोष्टी मला जवळून पाहायला मिळाल्या.

हे वाद्य आपल्या पेटीच्याच कुळातले. भात्याची हवा, धातूच्या रीड, सगळे ओळखीचे. फरक असा की पेटीत एक पट्टी एकच सूर देते, अँग्लोत मात्र भाता दाबताना एक सूर आणि ओढताना दुसरा. जर्मनीतल्या केम्निट्झच्या कार्ल फ्रीडरिश उलिख यांनी १८३४च्या सुमारास या वाद्याचा मूळ प्रकार बनवला. इंग्लंडमध्ये पुढे त्याला बटणांची तिसरी ओळ मिळाली. आयर्लंडमध्ये बहुतेकांच्या हातात सी-जी वाद्य असते. मधली ओळ सीची, म्हणजे आपल्या पांढरी एकची; तळहाताजवळची जीची, म्हणजे पांढरी पाचची; आणि सर्वांत बाहेरची ओळ मुख्यतः राहिलेल्या काळ्या सुरांसाठी.

अडचण इथेच सुरू होते. आयरिश धुनांत डी आणि जी या पट्ट्यांचा भरणा फार. डीसाठी एफ शार्प म्हणजे काळी तीन लागते, ती जीच्या ओळीत मिळते. सी शार्प म्हणजे काळी एकसाठी मात्र बाहेरच्या ओळीत जावे लागते. तो सी शार्प उजव्या हाताला नेमका कुठे असावा, याबाबत दोन मांडण्या रूढ आहेत. वीटस्टोन मांडणीत बाहेरच्या ओळीच्या पहिल्या बटणावर तो भाता दाबताना मिळतो. जेफ्रीज मांडणीत त्याच बटणावर तो ओढताना मिळतो आणि शेजारच्या बटणावर दाबताना. बी, सी शार्प, डी हे तीन सूर उजव्या हाताने एकापाठोपाठ ओढत वाजवायचे, तर जेफ्रीज सोयीची. वीटस्टोनवर हेच तीन सूर दाबतही येतात, पण मग बी आणि डी डाव्या हाताच्या जी ओळीतून घ्यावे लागतात. म्हणजे धून तीच राहते आणि बोटांचा रस्ता बदलतो.

माझे वाद्य जुने, कॉन्सर्टिनाच्या खास रीडचे. विकणाऱ्याने ते वीटस्टोन मांडणीचे असल्याचे सांगितले होते. आयर्लंडमध्ये शिकवणी बरीचशी कानाने आणि नजरेने चालते. मिलटाउन मॉलबे या गावी १९७३पासून दर जुलैमध्ये भरणाऱ्या विली क्लॅन्सी उन्हाळी शाळेतही शिक्षक धून तुकड्यातुकड्याने वाजवतात आणि विद्यार्थी त्यांच्या बोटांवर नजर ठेवून ती उचलतात. माझ्या शिक्षिकेचे बोट आणि माझे बोट एकाच बटणावर असायचे, सूर मात्र दोन ठिकाणी वेगळे निघायचे. उजव्या हाताचा सी शार्प उलट दिशेला गेला होता. डाव्या हाताला, बाहेरच्या ओळीच्या शेवटच्या बटणावर, दाबताना जी शार्प म्हणजे काळी चार यायला हवी होती; तिथे एफ शार्प वाजत होता.

कारागिराने वाद्य उघडले तेव्हा दोन्ही बदलांची कहाणी दिसली. सी शार्पच्या बाबतीत आधीच्या मालकाने एकाच कप्प्यातल्या दोन रीड त्यांच्या पितळी चौकटींसह अदलाबदल करून बसवल्या होत्या. चौकटी जवळपास एकाच मापाच्या होत्या, सैल खाचेत कागदाची बारीक पट्टी घातली होती, रीडला कानस लागली नव्हती. कारागिराने त्या परत जागच्या जागी सरकवल्या आणि काम झाले.

जी शार्पचे तसे नव्हते. तीच रीड मुळाशी घासून दोन अर्धस्वर खाली, एफ शार्पवर आणली होती. चौकटीवर अजून जी शार्पचाच शिक्का होता. रीड टोकाशी घासली की सूर चढतो, मुळाशी घासली की उतरतो. पण दोन्हीकडे धातू कमीच होतो. मुळाशी इतकी पातळ झालेली रीड पुन्हा दोन अर्धस्वर चढवायची तर टोकही पातळ करावे लागले असते, आणि मग तिच्यात जीव राहिला नसता. नवी रीड घडवून बसवावी लागली.

त्या अनोळखी मालकाला एफ शार्प तिथे का हवा होता, हे कळायला मला वेळ लागला नाही. नेहमीच्या तीस बटणी वाद्यात मधल्या सप्तकाचा एफ शार्प फक्त ओढताना मिळतो आणि त्याच सप्तकातला ई फक्त दाबताना. डीमध्ये वाजवताना भाता या दोन सुरांमध्ये उलटवावाच लागतो. दाबतानाचा एफ शार्प मिळाला की ती ओढाताण संपते. पण त्या सप्तकात जी शार्पची जागा ती एकच. ती गेली की ए मेजरच्या धुना लंगड्या होतात. एका पट्टीची सोय दुसऱ्या पट्टीच्या किमतीवर झाली होती.

म्हणून बदलाचा विचार करणाऱ्यांना काही गोष्टी कळकळीने सांगाव्याशा वाटतात.

आधी आहे ती मांडणी पूर्ण ओळखा. जी, ए, बी, डी हे मधल्या पट्ट्यातले सूर दोन्ही दिशांना मिळतात. बाहेरच्या ओळीत डाव्या हाताचे चौथे बटण दाबताना ए आणि ओढताना जी देते, ते बऱ्याच जणांकडून वर्षभर न वापरता राहते. नोएल हिल यांच्यासारख्या वादकांनी तिन्ही ओळींत फिरण्याची शिस्तबद्ध पद्धत घडवली आणि शिकवली. त्याही आधीचे आयर्लंडच्या क्लेअर परगण्यातले अनेक वादक वीस बटणांच्या स्वस्त जर्मन वाद्यांवर वाजवत. सी-जीच्या त्या वाद्यांत सी शार्प नसतोच. भात्याच्या उलटसुलट चालीने येणारा ठेका हा त्या वादनाचा प्राण आहे. प्रत्येक उलटणे ही अडचण समजून काढून टाकले, तर तो ठेकाही जाईल.

अडाल तिथे नोंद करा: कोणती धून, कोणता तुकडा, भाता कोणत्या दिशेला. एकच सूर अनेक धुनांत त्याच दिशेला अडवत असेल, तरच बदल विचारात घ्या. मग ज्या सुराचा बळी जाणार तो आणखी कुठे मिळतो का, हे पाहा. बी फ्लॅट म्हणजे काळी पाच क्वचित लागते, पण लागते. जी शार्प तर ए मेजरला हवाच. आपल्या गुरूंना विचारल्याशिवाय पाऊल उचलू नका, कारण त्यांची बोटे आणि तुमची बोटे एकाच नकाशावर चालायला हवीत.

बदल करायचाच ठरला तर एका वेळी एकच बटण घ्या. कारागिराला स्पष्ट सांगा: मूळ रीड घासू नका, योग्य सुराची दुसरी रीड बसवा. खाच कोरून मोठी करावी लागत असेल, तर बेत रद्द करा. लाकूड परत भरून येत नाही. अकॉर्डियनच्या रीड असलेल्या नव्या वाद्यात पर्यायी रीड मिळवणे सोपे आणि स्वस्त असते. जुन्या वाद्यात मात्र प्रत्येक रीड त्याच वाद्यासाठी घडवलेली असते. काढलेली रीड सुराचे नाव लिहून कोरड्या डबीत जपून ठेवा.

जुने वाद्य घेणाऱ्यांनी तीसही बटणे दाबून आणि ओढून, ट्यूनर समोर ठेवून तपासावीत आणि साठ सुरांचा तक्ता विकणाऱ्याकडून लेखी घ्यावा. ‘नेहमीची मांडणी’ या शब्दांवर व्यवहार करू नये.

आणि ज्यांनी बदल करून घेतला आहे, त्यांना एकच विनंती. ही वाद्ये शंभर वर्षे सहज टिकतात आणि आपल्यानंतर दुसऱ्याच्या हातात जातात. वाद्य देताना बदलाचा तक्ता आणि ती मूळ रीड, दोन्ही सोबत द्या.